मिलोचे मोड आणि गौरम्माची म्हैस

मी कुंडलिक आबासाहेब नलवडे, वय बासष्ट, मूळचा करमाळा तालुक्यातला, रेल्वेच्या मालधक्क्यावरचा निवृत्त क्लर्क, सध्या मुक्काम होटगी, तालुका दक्षिण सोलापूर, जिल्हा सोलापूर, आज दिनांक २७ नोव्हेंबर १९७८ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसलो आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती मात्र नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितले की आता आवराआवर करून ठेवा. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. सकाळपासून दोन कप चहाखेरीज काही प्यायलेलो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचा मजकूर वाचताना वाचणाऱ्याला पहिली शंका तीच येईल.

हे काम मी आधी वकिलांकडे दिले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा काढला आणि म्हणाले, "नलवडे, तिसरे आणि चौथे कलम गाळा. मेल्यावर स्वतःवर गुन्हा कशाला नोंदवून घेता?" मी कलमे ठेवली आणि वकील गाळला. त्यामुळे भाषेत कायद्याच्या चुका असतील, त्या समजून घ्याव्यात.

कलम १. होटगी येथील माझे दोन खोल्यांचे घर, मागची पडवी, परस व त्यातले कडुनिंबाचे झाड हे माझ्या स्वकष्टाचे असून ते माझी एकुलती एक मुलगी प्रेमला हिला द्यावे. ती करमाळ्यात शाळेत विज्ञान शिकवते. घर विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे, मला वाईट वाटायला मी असणार नाही. मोरीची एक फरशी सैल आहे, तिच्यावर पाय देऊन माझी बायको यशोदा दोनदा पडली. "उद्या बसवतो" असे मी वीस वर्षे म्हणत होतो. यशोदा १९७५ च्या श्रावणात गेली. फरशी अजून सैलच आहे. विकण्याआधी तेवढी बसवून घ्यावी. यशोदेचे दागिने प्रेमलाकडे आधीच गेले आहेत, त्यात कोणाचा हक्क नाही.

कलम २. माझा धाकटा भाऊ कोंडीबा यास माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. वडिलांच्या माघारी शेताची वाटणी त्याने केली, त्यात विहीर त्याच्याकडे गेली आणि विहिरीकडे जाणारा रस्ता माझ्याकडे आला. ते मी कधीच सोडून दिले. परंतु १९६१ च्या माघात माझ्या घरी माझ्याच खाटेवर बसून त्याने माझ्या हातच्या सोनेरी बिअरला घोड्याचे मूत म्हटले, आणि तेही तिसरा पेला रिकामा केल्यावर, ते सोडून देता आलेले नाही. तो पेला कपाटात वरच्या फळीवर आहे. तेवढा त्याला द्यावा.

कलम ३. बिअर हा शब्द मी आजवर एकाही कागदावर लिहिला नव्हता. आता लिहिला आहे तर सगळेच लिहितो.

होटगीच्या रनिंग रूमवर, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या खोल्यांवर, एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर उतरत असत. एकटे, तोंडाने फटकळ, मनाने भले. विलायतेला कायमचे जाण्यासाठी त्यांना कचेऱ्यांना अर्ज करायचे होते आणि त्यांचे अक्षर कोणालाच लागत नव्हते. अर्ज मी लिहून दिले. त्या बदल्यात त्यांनी मला बिअर करायला शिकवले. जव भिजवायचे, गोणपाटावर पसरून मोड आणायचे, उन्हात वाळवायचे, मोड चोळून काढायचे, दाणे भाजायचे, भरडायचे, चटका बसेल एवढ्या गरम पाण्यात मुरवायचे, गाळायचे, कडू घालून उकळायचे, निवले की विरजण लावायचे. साहेब त्याला यीस्ट म्हणत. यशोदेने पहिल्यांदा पाहिले आणि म्हणाली, "अवो, ही तर आंबीलच की! उगं इंग्रजीत करताय." मी चिडलो होतो, पण तिचे बरोबर होते. भरड किती जाड हवी हे मला साहेबांच्या वहीतून कळले नाही, ते तिने जात्यावर दाखवले.

१९५० साली साहेब बोटीने गेले. जाताना आपली वही, एक थर्मामीटर, रसाची दाटी मोजायचा पातळ काचेचा तरंगता काटा आणि अॅसिडची असते तशी मोठी बरणी मला देऊन गेले. तोवर दारूबंदी येऊन बसली होती. मी सरकारी नोकर. सापडलो असतो तर नोकरी गेली असती, वर तुरुंग. तरी मी केली, आणि पंचवीस वर्षे करत राहिलो. कडवटपणासाठी साहेबांकडचे विलायती हॉप्स संपले तेव्हा काष्ठौषधीवाल्याकडून काडेचिराईत आणले. विरजण संपले तेव्हा शिंदीतून नवे धरले, ते गूळपाणी घालून आजही एका छोट्या बरणीत जिवंत ठेवले आहे. जवाची सोनेरी करायचो. ज्वारी तव्यावर काळी होईतो भाजून, गुळाचा खडा टाकून काळी करायचो. गव्हाची ढगाळ व्हायची, ती मला कधी नीट साधली नाही. आल्याची यशोदेच्या घशासाठी असायची, असे आम्ही दोघे म्हणायचो.

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच करायची, एरवी सोलापूरचे ऊन तिला नासवते. एकदाच, १९५६ च्या एप्रिलात, हौस म्हणून केली. भरदुपारी पडवीत सात बाटल्या फुटल्या. शेजारच्या गौरम्माचा नवरा, तेव्हा होता बिचारा, धावत आला. मी त्याला सांगितले की धुक्यात ड्रायव्हरला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके होते, चुकून उडाले. त्याने विश्वास ठेवला. शेजाऱ्यांशी मी बोललेले ते पहिले खोटे.

मी एक थेंबही विकला नाही. प्यायचो मी आणि केबिनमन सिद्धप्पा, जो चव न बघता घोट घ्यायचा आणि मग मत द्यायचा. उरलेला चोथा मी भिंतीवरून गौरम्माच्या म्हशीला घालत असे. जवाचे चोळून काढलेले मोडही घालत असे, कारण साहेबांच्या वहीत तसे लिहिले होते: मोड टाकून देऊ नयेत, जनावराला घालावेत, दूध वाढते. आणि दूध वाढायचे. गौरम्मा सणाला तांब्याभर खरवस पाठवायची. ज्वारीचे मोड मात्र मी कधीही घातले नाहीत. ते खड्ड्यात पुरायचे. कोवळी ज्वारी जनावराला मारते हे करमाळ्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. लहानपणी माझ्या नजरचुकीने आमचा एक बैल ज्वारीच्या फुटव्यात शिरला आणि तासाभरात मेला. आबासाहेबांनी मला आसुडाने असे फोडले होते की आठ दिवस पाठ टेकवता आली नाही. हे मला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये.

कलम ४. हे कलम लिहायला मला सहा वर्षे लागली.

१९७२ चा दुष्काळ. रेशनवर ज्वारी नव्हती, अमेरिकेची तांबडी मिलो मिळत होती. भाकरी थापली की तुटायची, पोटात दुखायचे. सगळे एकच म्हणायचे, ही कसली ज्वारी! जवही बाजारात दिसेना. अशा साली शहाणा माणूस गप्प बसतो. मला दोन पायली मिलोचा मोह आवरला नाही. लोक दुष्काळी कामावर खडी फोडून मिलो खात होते आणि मी तिची बिअर करायला निघालो, ही माझी पहिली चूक, आणि ती एकटीच असती तरी पुरे होती.

मिलो भिजवून मागच्या खोलीत गोणपाटावर पसरली. निम्मी उगवली, निम्मी तशीच राहिली, म्हणून आणखी दोन दिवस ठेवू म्हटले. तेवढ्यात धान्याच्या वाघिणींसाठी मला चार दिवस कुर्डुवाडीला पाठवले. यशोदा प्रेमलाच्या बाळंतपणाला करमाळ्याला गेलेली. होटगीत पाणी नव्हते म्हणून मुलीला माहेरी आणता आले नव्हते. घरात दाणे उलटायला कोणी नाही. १४ डिसेंबर, गुरुवारी सकाळच्या गाडीने मी परत आलो आणि दार उघडले, तर गोणपाटावर बोटबोट लांब पोपटी कोंब, मुळ्यांची सतरंजी झालेली. बिअरच्या दृष्टीने सगळा माल वाया.

भिंतीपलीकडे गौरम्माची पंढरपुरी म्हैस उभी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. हाडे वर आल्याने तिची लांब शिंगे आणखीच लांब दिसत होती. पंचक्रोशीत हिरवी काडी नव्हती. गौरम्मा टँकरच्या रांगेत गेली होती. मी ती सतरंजी दोन्ही हातांनी उचलली आणि म्हशीच्या दगडी डोणीत नेऊन टाकली. माझ्या मनात साहेबांची वही होती. ही ज्वारी आहे हे मनाने धरलेच नाही, कारण वर्षभर सगळे, मीसुद्धा, तिला ज्वारी म्हणायला तयार नव्हतो. म्हैस अधाशासारखी खाऊ लागली. मला पुण्य केल्यासारखे वाटले, हेही लिहून ठेवतो.

मी अंघोळीला बसलो होतो तेव्हा पलीकडे धप्प असे झाले. उठून पाहिले तर म्हैस आडवी, पाय ताठ, तोंडाला फेस, अंग थरथरत होते. मला आबासाहेबांचा बैल आठवला. तो तासभर आधी आठवायला हवा होता.

यापुढचे सगळे मी समजून उमजून केले. डोणीत उरलेले कोंब गोळा केले, खड्ड्यात पुरले, आणि माझ्या पिंपातले दोन घागरी पाणी ओतून डोण स्वच्छ धुतली. गल्लीतले लोक जमले तेव्हा कोणीतरी माझ्याबद्दल म्हणाले, आण्णांनी स्वतःचे पाणी घातले हो, अशा दिवसांत!

गौरम्मा घागर टाकून धावत आली. म्हशीच्या मानेला मिठी मारून ओरडायला लागली, "मल्ल्यानंच घातलं! माझ्या म्हशीला मल्ल्यानं इख घातलं!" मल्लप्पा हा तिचा धाकटा दीर. आठवड्यापूर्वी कडब्याच्या गंजीवरून दोघांचे भांडण झाले होते. निम्मा कडबा माझ्या वाटणीचा म्हणून तो घेऊन गेला होता. "बघतो तुझी म्हस कशी जगते" असे तो रागाच्या भरात चारचौघांत बोलला होता.

जनावरांचा डॉक्टर छावण्यांवर होता, आला नाही. पंचनामा झाला. माझे अक्षर चांगले, म्हणून पंच मी. मी सांगितले आणि मीच लिहिले: "सकाळी आठच्या सुमारास मल्लप्पास गोठ्याशेजारून जाताना मी पाहिले." ते खरे होते. सहाच्या गाडीतून उतरून घरी येऊन बसलो होतो, खिडकीतून तो मला दिसला. तो रोज आठ वाजता घमेले घेऊन तिथूनच खडी फोडायला जायचा, हे मी लिहिले नाही. खाली सही केली. नोकरीची दोनच वर्षे राहिली होती. कोंब कशाचे, कशाला, कुठून आले, हे विचारत विचारत कोणी माझ्या पडवीपर्यंत आले असते तर पेन्शन गेली असती. मला तेव्हा पेन्शन दिसली, मल्लप्पा दिसला नाही.

दोन दिवस त्याला चौकीत बसवून ठेवले आणि पुराव्याअभावी सोडले. पण परत आल्यावर त्याला कोणी विस्तव देईना. गौरम्माने दार लावून घेतले. भावकीने त्याला गाव सोडायला सांगितले. जाण्याआधी तो मला स्टेशनवर भेटला. "आण्णा," म्हणाला, "मी रोजच जातो की तितनं. तुमी रोजच बघता."

मी म्हणालो, "मी काय, जे पाहिलं ते सांगितलं."

बायको-पोरे घेऊन तो अकलूजकडे ऊसतोडीला गेला. यशोदा करमाळ्याहून आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "सांगून टाका की त्यांना." तिने हे त्यानंतर पुष्कळदा म्हटले. शेवटच्या आजारातही म्हटले. मी प्रत्येक वेळी म्हणालो, पेन्शन सुरू होऊ दे. पेन्शन १९७४ ला सुरू झाली.

त्यानंतर मी बिअर सोडली असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. पुढची एक दिवाळी सोडली. १९७४ च्या दिवाळीला पुन्हा भट्टी पेटवली, आणि त्या थंडीत झालेली काळी ही माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली. सिद्धप्पा एक पेला पिऊन गप्प बसला, म्हणजे बघा. मी ती मजेत प्यायलो. यशोदा गेल्यावर सुटली, कारण भरडून द्यायला कोणी राहिले नाही.

कलम ५. माझ्या पोस्टातल्या बचतीतून गौरम्मास चांगली दुभती पंढरपुरी म्हैस घेऊन द्यावी व उरलेले मल्लप्पास द्यावे. माझ्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी हे मृत्युपत्र गौरम्माच्या अंगणात, भावकीला बोलावून, मोठ्याने वाचावे. वाचायला प्रेमला असावी, तिचा आवाज खणखणीत आहे.

दिनांक ३ डिसेंबर १९७८, रविवार.

वरील कलम ५ मी रद्द करत आहे. त्याचे कारण लिहितो.

कलम लिहून झाल्यावर मला बरे वाटले. चार दिवस छान झोप लागली, आणि तिथेच मला संशय आला. मी मेल्यावर प्रेमला उभी राहून वाचणार, गौरम्मा ऐकणार, आणि शिव्या खायला मी जागेवर नाही. लेकीच्या तोंडून कबुली द्यायची आणि आपण सुटायचे! यशोदा असती तर एका वाक्यात सांगितले असते. म्हणून आज सकाळी हे कागद घेऊन मीच गौरम्माकडे गेलो.

ती शेणाने अंगण सारवत होती. मी म्हणालो, "गौरम्मा, थोडं बसा. वाचून दाखवायचंय." ती हात न धुताच बसली. मी तिसऱ्या कलमापासून सुरुवात केली. बिअर शब्द आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिले. गौरम्माने तोंडाला पदर लावला. मला वाटले धक्का बसला. ती हसत होती.

"अय्यो आण्णा, त्यात वाचायचं काय? वास काय भितीला अडतो व्हय? आक्की गल्ली जाणत हुती. आमचे हे म्हनायचे, रेल्वेचं फटाकं लई गोड वास मारत्यात."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"पोलीस पाटलाला बी. चोथा म्हस खायची, दूद गाव प्यायचं. कोन बोलंल?"

जे झाकायला मी एका माणसाला गावातून घालवले, ते झाकलेलेच नव्हते. कोणी माझ्या पडवीपर्यंत यायचेच नव्हते, कारण ते सगळे आधीच येऊन गेले होते. मला त्या क्षणी मरण आले असते तर मी आनंदाने गेलो असतो, पण चौथे कलम वाचायचे राहिले होते. ते वाचले.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "डोन तुमी धुतली."

"हो."

"मी तुमच्या पाया पडले हुते त्या दिवशी. म्हशीला तुमचं पानी घातलं म्हनून."

"हो."

"सा वर्सं मी त्याच्या नावानं बोटं मोडली, आण्णा. सासू हितं, ह्या खाटंवर, मल्ल्या मल्ल्या करत गेली. मी म्हनलं, त्या इखाऱ्याचं नाव माझ्या घरात नगं." मग तिने हाताचे वाळलेले शेण खरवडायला सुरुवात केली. मी तिला म्हशीचे सांगितले. "म्हस नगं," ती म्हणाली. "तुमची म्हस बांधून मी सकाळ-सांज तिचं तोंड बघू? हे त्याच्याम्होरं वाचा. मला काय वाचून दावता?"

उठताना मला तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी सांगितली नाही, म्हणून घरी येऊन इथे लिहितो. चौथ्या कलमातही मी ती गाळली होती. वकिलांना बोलून बसलो, पण गाळायला मीही कमी नाही.

गल्लीतल्या सगळ्यांची पत्रे मी लिहितो. १९७४ च्या फेब्रुवारीत, गौरम्मा बाजाराला गेलेली असताना, तिच्या सासूने मला भिंतीवरून हाक मारली. म्हातारीला कोणा ऊसतोड्याकडून मल्लप्पाचा पत्ता कळला होता. "पोराला चिट्टी टाक की रे आण्णा," म्हणाली. तिने सांगितले तसे मी कार्डावर लिहिले. पत्ता घातला. कार्ड खिशात ठेवले. मल्लप्पा आला तर सगळे पुन्हा उकरले जाईल, असे वाटले. दुसऱ्या दिवशी टाकू म्हटले. तिसऱ्या दिवशीही म्हटले. म्हातारी रोज भिंतीवरून विचारायची, "टाकलीस न्हवं?" मी म्हणायचो, टाकली. अकरा दिवसांनी ती गेली. कार्ड साहेबांच्या वहीत आहे.

आज दुपारी मी त्याच कार्डावरच्या पत्त्यावर, अकलूजला, मल्लप्पाच्या नावे तार केली. मजकूर गौरम्माच्या नावाने घातला: घरी ये. तिला विचारून घातला.

दिनांक १० डिसेंबर १९७८, रविवार.

मल्लप्पा आज सकाळी आला. केस पांढरे झाले आहेत, कोयत्याने डाव्या हाताची दोन बोटे गेली आहेत. गौरम्मा दारात उभी राहिली, त्याला "ये" म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. त्याने तिच्या पायांना हात लावला. आत मात्र गेला नाही. अंगणात बसला. मी सगळे वाचले, वरचे रद्द केलेलेसुद्धा. सिद्धप्पा सोबतीला होता, कारण मला धाप लागत होती.

डोण धुतल्याचे आले तेव्हा मल्लप्पा म्हणाला, "मी तितंच हुबा हुतो की. कामावर कुनीतरी सांगितलं म्हस पडली, म्हनून पळत आलो. तुमी पानी वतत हुता. मला वाटलं, आण्णा किती भला मानूस."

मग मी कार्ड काढून त्याला दिले. त्याने उलटेपालटे करून पाहिले आणि परत माझ्या हातात दिले. "मला वाचता येत न्हाय. तुमीच लिवलं, तुमीच वाचा."

मी वाचले. म्हातारी घरात कानडी बोलायची, पण मला कानडी लिहिता येत नाही म्हणून तिने माझ्यासाठी मराठीत सांगितले होते: "मल्ल्या, मी लई थकले. म्हस कशानं मेली ते मल्लिकार्जुनाला ठावं. तू घातलं न्हाईस ते मला ठावं. तू ये. वैनी दोन दीस बोलंल आन् गप बसंल. तुला बघितलं की मी जायाला मोकळी."

गौरम्मा तोंडात पदर कोंबून रडली. मल्लप्पा रडला नाही. "कंदीची म्हनलात ही?" त्याने विचारले. मी फेब्रुवारी म्हणालो. तो म्हणाला, "फेबरवारीत मी म्हाळुंगला फडात हुतो. एका दिवसाची वाट."

मी त्याच्यापुढे हात जोडले. माफी मागितली. बचतीचे सांगितले, तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली. "मला तुमचं काय नगं. कागदावनं माझं नाव काडा." म्हणून त्याचे व गौरम्माचे नाव देण्यांतून काढले आहे, आणि सगळी बचत प्रेमलाकडे जाईल, तिला वाटेल तसे तिने करावे, हे दोघे पुढे कधी घेतील तर द्यावे.

कलम ६. राहिलेल्या वस्तू. थर्मामीटर व तरंगता काटा प्रेमलाच्या शाळेला द्यावा. विरजणही तिलाच, मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून झाले की फेकून द्यावे, ठेवू नये. मोठी बरणी गौरम्मा लोणच्याला घेते म्हणाली होती, पण ते आजच्या आधी. आता तिला विचारून मगच द्यावी. साहेबांची वही माझ्याबरोबर जाळावी. सिद्धप्पास साक्षीला बसायचे असल्याने त्याला काही ठेवलेले नाही. त्याने आपले आधीच पिऊन घेतले आहे.

कलम ७. १४ डिसेंबर १९७२ च्या पंचनाम्यातील माझा जबाब दिशाभूल करणारा होता. मल्लप्पाने म्हशीस काही घातले नाही. मी घातले. या कलमाच्या चार नकला करून पोलीस पाटील, भावकीचे दोघे वडीलधारे आणि मल्लप्पा यांना आजच माझ्या सहीने दिल्या आहेत. त्यावरून माझ्यावर काही कारवाई व्हायची असेल तर ती मी जिवंत असेतोवर व्हावी अशी माझी इच्छा आहे.

दुसरा साक्षीदार म्हणून स्टेशनवरून कोणाला तरी बोलवायला सिद्धप्पा निघाला होता. मल्लप्पाने त्याला थांबवले. माझ्याकडे बघून म्हणाला, "तवा तुमी माझ्यावर सई केली. आता मी करतो तुमच्यावर." मी म्हणालो, करा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन वेळा मोठ्याने वाचला, आणि यातले खोटे होते तेवढे खोडून खरे घातले. याआधीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही.

ठिकाण: मुक्काम होटगी, गौरम्माचे अंगण.
तारीख: १० डिसेंबर १९७८.

(सही) कुंडलिक आबासाहेब नलवडे

साक्षीदार:

१. (सही) सिद्धप्पा, केबिनमन, होटगी. नलवडे यांनी माझ्यासमोर सही केली.

२. मल्लप्पा, हल्ली मुक्काम अकलूज, मूळ होटगी. उजव्या हाताचा अंगठा. त्यांनी सांगितलेले शब्द सिद्धप्पाने जसेच्या तसे लिहिले आहेत:

"आण्णांनी माझ्यादेकत सई केली. डोकं ठिकानावर हाय. माफी मागितली, ती मी दिल्याली न्हाय. आईला इचारून दिली आसती."